डीएलएचं रिन्यूअल आलंय, मुलगा सुधारलाय म्हणून बंद करतील का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही इंग्लंडात स्लाउला राहतो. मुलगा ९ वर्षांचा, ऑटिझम आहे. त्याला डीएलएचा (अपंगत्व असलेल्या मुलांसाठीचा सरकारी भत्ता) मधला रेट मिळतो, त्यावर मला केअरर्स अलाउन्स, म्हणजे काळजी घेणाऱ्याला मिळणारा भत्ता. आता रिन्यूअलचा फॉर्म आलाय. यंदा तो शाळेत बराच रुळलाय, बोलतोही, सासूबाई म्हणतात बरा झालाय तर खोटं कशाला लिहायचं. खरं लिहिलं तर पैसे बंद होतील का?

उत्तर: खोटं लिहायचंच नाहीये हो, पण आपण आईबाप अर्धंच खरं लिहितो, लेकराचं कौतुक लिहितो आणि आपण दिवसभर काय काय करतो ते राहूनच जातं कारण ते अंगवळणी पडलेलं असतं. डीएलए नुसत्या ऑटिझमच्या नावावर मिळत नाही, त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा किती जास्त मदत किंवा लक्ष लागतं ते बघतात. नऊ वर्षांचं पोर स्वतः दात घासतं. तुम्हाला शेजारी उभं राहून "आता वरचे, आता मागचे" म्हणावं लागतं का? रस्त्यात हात सोडला की पळतो का? ते लिहा. शाळेत रुळलाय तो सोबत टीए (वर्गातली मदतनीस) असते म्हणून असेल, तर ते शाळेच्या पत्रात आलंच पाहिजे, नुसतं ‘छान सेटल झालाय’ असं पत्र उलट नडतं.

रात्रीचं वेगळं लिहा. "नीट झोपत नाही" एवढ्याने काही होत नाही. अडीचला उठला, सव्वातीनपर्यंत मी जवळ बसून होते, असं रोजचं टिपून ठेवा, कारण साधारण २० मिनिटं किंवा रात्रीतून दोनदा उठावं लागणं धरतात, आणि दिवसा-रात्री दोन्ही वेळा गरज असेल तर वरचा रेट (२०२५-२६ मध्ये आठवड्याला ११०.४० पौंड, मधला ७३.९०).

फॉर्म मुदतीत पाठवा, झेरॉक्स ठेवा. खालचा रेट लावला तर केअरर्स अलाउन्सही जातो, तो मधल्या किंवा वरच्या रेटवरच मिळतो. तसं झालं तर महिन्याच्या आत मँडेटरी रीकन्सिडरेशन (निर्णयाचा फेरविचार) मागा, तिथेही नाही म्हणाले तर ट्रिब्युनलकडे, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील, फी नसते, फक्त ट्रिब्युनल रेट कमीही करू शकतं हे लक्षात ठेवून जा. आणि १६ व्या वर्षी पिपचा (डीएलएच्या जागी येणारा मोठ्यांचा भत्ता) फॉर्म येईल, त्याचे प्रश्न वेगळे असतात, तेव्हा हाच कागद बघून भरू नका.