जाताना ‘येतो’ का म्हणायचे?

म्युनिक, १७ ऑगस्ट

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू सांगलीहून फोनवर जे विचारलेस त्याचे उत्तर मला फोनवर नीट देता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. कुठे अडलास तर आजीकडून वाचून घे. तुझा प्रश्न असा होता, की सकाळी मामाबरोबर कृष्णाकाठच्या गणपतीला निघताना तू दारातून “आजी, मी जातो” असे म्हणालास, तेव्हा आजीने हातातले काम ठेवून तुला थांबवले आणि “जातो म्हणू नये, येतो म्हणावे” असे सांगितले. तू तिचे ऐकलेस, परंतु जाणाऱ्या माणसाने ‘येतो’ म्हणणे हे खोटे बोलणेच नाही का, हा विचार दिवसभर तुझ्या मनात राहिला. मग संध्याकाळी बातम्यांमध्ये रबरी होडीत दाटीवाटीने बसलेली माणसे पाहिल्यावर तू विचारलेस, “आई, ही माणसे घरातून निघताना काय म्हणाली असतील?”

पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुला आजीसुद्धा देऊ शकेल. आपण “आजोबा गेले” असे म्हणतो, तेव्हा ते कुठे गेले हे कोणी विचारत नाही. ‘जाणे’ या क्रियापदाला मराठीत ही सावली चिकटलेली आहे, म्हणून घराबाहेर पडणाऱ्याने ते स्वतःच्या तोंडाने उच्चारू नये, अशी रीत पडली. याच कारणाने आपल्याकडे बांगडी फुटली असे न म्हणता ती वाढवली असे म्हणतात, नारळही वाढवतात आणि दिवा मालवतात. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात, त्याला कुठे निघालास असे मागून विचारत नाहीत, आणि माणूस उंबरा ओलांडून गेल्यावर लगेच घरातला केर काढत नाहीत. आजी तुझ्या मागे थोडा वेळ झाडू हातात घेत नाही, हे कदाचित तुझ्या लक्षात आले नसेल, उद्या पाहा.

उरलेले अर्धे उत्तर मला स्वतःला फार उशिरा कळले. ‘येतो’ हा शब्द एकट्याने म्हणून पुरा होत नाही. तू “येतो” म्हणालास की आजी “ये हं” म्हणते. मोठे पाहुणे “येतो आम्ही” म्हणाले की ती “या” म्हणते. तुला जर्मन भाषेतला निरोपाचा शब्द ठाऊक आहे, आणि त्यातही पुन्हा भेटण्याची गोष्ट आहे, परंतु तो शब्द दोघेही सारखाच उच्चारतात. आपल्याकडे जाणाऱ्याचा शब्द वेगळा आणि मागे राहणाऱ्याचा वेगळा. त्यातही मला सर्वांत सुंदर वाटते ते हे, की निरोप देताना आजी जे “या” म्हणते, तेच ती दारात नव्याने आलेल्या पाहुण्यालाही म्हणते. निरोपाला आणि स्वागताला आपल्या घरात एकच शब्द आहे. म्हणून ‘येतो’ खोटे नाही, बाळा. आपण कधी येणार याची माहिती त्यात नसते. मागे राहिलेल्या माणसाने दार आपल्यासाठी ठेवावे, अशी ती मागणी असते, आणि ‘ये’ हा तिला मिळालेला होकार असतो.

आता आपल्या जेवणाच्या टेबलाजवळच्या भिंतीवर जो फोटो आहे, तो आठव. २०१३ साली मी जर्मनीला निघाले तेव्हा रिक्षात बसल्यावर मागे वळून तो मी काढला होता. गावभागातल्या आपल्या घराचे जुने सागवानी दार, त्यात उभी असलेली आजी, तिच्या एका हातात दह्याची वाटी आणि दुसरा हात अर्धवट वर गेलेला. फोटो हललेला आहे, आणि कोणी छायाचित्रकार त्याला चांगला म्हणणार नाही. परंतु प्रवासाचे बहुतेक फोटो जाणाऱ्याचे असतात, आणि हा मागे राहणाऱ्याचा आहे, म्हणून तो मी भिंतीवर लावला. ते दारही आता उरलेले नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानतात, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. जिन्याशेजारच्या भिंतीवरची जी तपकिरी रेघ तू परवा वितीने मोजलीस, ती त्याच पाण्याची आहे. दार फुगून निकामी झाले, लग्नाच्या अल्बमची पाने चिखलाने एकमेकांना चिकटली, आणि आजीला माडीच्या खिडकीतून होडीत उतरावे लागले. देवघरातला बाळकृष्ण तिने पदराच्या गाठीत बांधून घेतला होता. घरात मागे कोणी नव्हते, तरी होडी वल्हवणाऱ्या मुलांना तिने क्षणभर थांबवले आणि रिकाम्या घराकडे पाहून ती “येते” म्हणाली. हे तिने मला कधीच सांगितले नाही. तिच्याबरोबर होडीत असलेल्या शेजारच्या काकूंनी पुढे कितीतरी महिन्यांनी सांगितले.

आजी मिरजेला मावशीकडे बारा दिवस राहिली आणि घरी परतली. तिला पूरग्रस्त म्हणता येईल, निर्वासित म्हणता येणार नाही, आणि हा भेद तू नीट समजून घ्यावास असे मला वाटते. साताऱ्याच्या बाजूला कोयनेचे धरण झाले तेव्हा शिवसागर जलाशयाखाली जी गावे गेली, त्यांतली माणसे धरणग्रस्त झाली. परत येण्यासाठी त्यांचे गावच उरले नव्हते, आणि अशा कितीतरी वस्त्यांनी नव्या जागेला आपल्या जुन्या गावाचेच नाव दिले. परंतु देश आणि भाषा त्यांच्याजवळ राहिली होती. निर्वासित तो, ज्याला त्याचा धर्म, वंश, राष्ट्रीयत्व किंवा मत यांमुळे छळ होण्याच्या रास्त भीतीने आपला देशच सोडावा लागतो. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारातली व्याख्या साधारण अशी आहे. मी सुद्धा देश सोडून आले, परंतु मी निर्वासित नाही. मी तिकीट काढून, हातावर दही घेऊन आले. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या मोजणीप्रमाणे २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटींहून अधिक माणसे युद्धामुळे, छळामुळे किंवा हिंसाचारामुळे घरातून उखडली गेलेली होती, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक स्वतःच्याच देशात भटकत होती. २०११ च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींच्या थोडी वर भरली होती, एवढे सांगितले म्हणजे तुला त्या आकड्याचा अंदाज येईल.

तू होडीतली माणसे पाहिलीस. मी तुझ्या वयाची नव्हते, चांगली मोठी होते, तरी २०१५ च्या सप्टेंबरमध्ये असेच एक छायाचित्र पाहून मला दोन रात्री झोप लागली नव्हती. तुर्कस्तानातील बोद्रुमजवळच्या किनाऱ्यावर वाळूत पडलेल्या एका लहानग्या सीरियन मुलाचे ते छायाचित्र होते, आणि निलुफर देमिर या तुर्की छायाचित्रकार स्त्रीने ते २ सप्टेंबरला काढले होते. समोर दिसणाऱ्या कोस या ग्रीक बेटावर पोहोचण्यासाठी त्याचे कुटुंब होडीत बसले होते. तू तेव्हा पाच महिन्यांचा होतास. त्याच आठवड्याच्या शेवटी हंगेरीहून ऑस्ट्रियामार्गे निघालेल्या आगगाड्या म्युनिकच्या मुख्य स्थानकात येऊ लागल्या आणि त्यांतून हजारो माणसे उतरली. मी तुला बाबागाडीत घालून, तुला अपुरे पडू लागलेले कपडे पिशवीत भरून तिथे गेले. शहरातले लोक इतके सामान घेऊन आले होते, की माझी पिशवी कोणाला नको होती. तेवढ्यात माझ्याच वयाच्या एका बाईने हातातला बंद पडलेला फोन माझ्यापुढे धरला. माझ्याजवळ चार्जर होता. आम्ही दोघी भिंतीशी जमिनीवर बसलो, आणि फोन उजळला तेव्हा त्याच्या पडद्यावर दारात खुर्ची टाकून बसलेली एक म्हातारी बाई दिसली. तिने त्या चित्रावर बोट ठेवले आणि ती म्हणाली, “उम्मी.” त्या शब्दाचा अर्थ मला कोणी सांगावा लागला नाही. माझ्या फोनमध्येही तसाच फोटो होता, दाराचा आणि आजीचा, आणि क्षणभर तो तिला दाखवावा असे वाटले. परंतु मी तो काढला नाही. माझ्या फोटोतल्या दाराशी मला तिकीट काढून कधीही जाता येत होते, आणि तिला ते येत नव्हते. तिच्यापुढे तो फोटो धरण्याचा धीर मला झाला नाही, आणि ते बरोबर केले असे मला आजही वाटते.

तेव्हापासून मी निर्वासितांचे कोणतेही चित्र पाहिले, की त्या चित्राबाहेर राहिलेले दार शोधते. वर्तमानपत्रांत चालणारी माणसे दिसतात, होड्या दिसतात, तारेची कुंपणे दिसतात. ज्यांना ‘येतो’ म्हणायचे होते ती मागची माणसे त्यांत कधी दिसत नाहीत. कित्येकदा ती उरलेलीच नसतात, आणि कित्येकदा रात्रीच्या घाईत कोणाला काही म्हणण्याइतका वेळच मिळालेला नसतो. म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला माझे खरे उत्तर एवढेच आहे, की बहुतेकांना काही म्हणता आले नसेल.

तरीही एक गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे, कारण ती सांगलीपासून फार दूर घडलेली नाही. १९४० च्या फेब्रुवारीत सोव्हिएत सैनिकांनी पूर्व पोलंडमधल्या हजारो कुटुंबांना घरांतून उठवले, सामान बांधायला जेमतेम अर्धा तास दिला आणि मालगाड्यांत भरून सैबेरियाकडे पाठवले. पुढे १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत रशियावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली, आणि इराणमार्गे त्यांतली काही माणसे भारतात आली. १९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवडे येथे त्यांच्यासाठी वसाहत उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत मुख्यतः बायका, मुले आणि म्हातारी माणसे. त्यांनी तिथे शाळा चालवल्या, चर्च उभारले, नाटके केली. आजीचे वडील त्या वेळी मिरजेला रेल्वेत कारकून होते. ती गोरी, हडकुळी मुले गाडीच्या खिडकीतून केळी घेत आणि सालीसकट खायला लागत, असे ते सांगत. युद्ध संपले तेव्हा त्या मुलांची गावे सोव्हिएत संघाच्या हद्दीत गेली होती, त्यामुळे घरी परतण्याची वाट बंद झाली. १९४८ पर्यंत ती वसाहत रिकामी झाली आणि माणसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी पांगली. त्याच जागेत नंतर फाळणीमुळे सिंधमधून आलेले निर्वासित राहायला आले. आज तिला गांधीनगर म्हणतात, आणि मामा दरवर्षी दिवाळीचे कापड घेतो ते तिथल्याच पेठेतून.

त्या पोलिश मुलांना आपल्या गावी ‘येतो’ म्हणता आले नव्हते. परंतु पन्नास वर्षांनी, आणि त्यानंतरही, म्हातारी झालेली त्यांतली काही मुले वळिवड्याला येऊन गेली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, आणि तिकडे पोलंडची राजधानी वॉर्सा येथेही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. जिथून ती निघाली तिथे त्यांना परतता आले नाही. जिथे कोणीतरी त्यांना ‘या’ म्हटले होते तिथे मात्र ती परत आली. मामाला सांग, रविवारी तुला मिरजेहून कोल्हापूरच्या गाडीत बसवून न्यायला. वळिवडे स्थानक वाटेतच लागते.

तुझे परतीचे विमान ६ सप्टेंबरला मुंबईहून आहे, म्हणजे ५ तारखेला संध्याकाळीच तुम्हाला सांगली सोडावी लागेल. गाडी दाराशी लागली तरी घाई करू नकोस. आजीला डाव्या कानाने हल्ली कमी ऐकू येते, तेव्हा तिच्या उजव्या बाजूला उभा राहा, “येतो” म्हण, आणि ती “ये” म्हणेपर्यंत थांब. मग मागे वळून तिचा एक फोटो काढ. दार नवे आहे, पण उंबरा जुनाच आहे.

तुझी,
आई