पेशीपटलाची रेघ

प्रिय बेटा,

तुझी प्रकल्पवही वाचली. अक्षर देखणं आहे. पण क्लोस्टेरियमच्या (चंद्रकोरीसारख्या एकपेशीय हिरव्या शैवालाच्या) आकृतीत दोन समांतर रेघा मारून 'पेशीपटल प्रत्यक्ष दिसले' असं लिहिलंस, ते खोड. तुला दिसली ती पेशीभित्तिकेची कड. पेशीपटल तिला आतून चिकटलेलं असतं, जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाडीचं. प्रकाश सूक्ष्मदर्शक सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील सुटे दाखवत नाही, कॉलेजने कितीही महागाचा घेतला तरी. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेलं स्निग्धाचा दुहेरी थर व त्यातली प्रथिनं हे चित्र जरूर लिही, पण 'माहिती'त. 'निरीक्षणा'त नाही.

निरीक्षणासाठी बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, जा. शिंगाड्याच्या देठांवरचा बुळबुळीत हिरवा थर बाटलीत पिळून घे. चंद्रकोरीच्या आकाराच्या पेशी त्यात बहुधा सापडतीलच. (कोरीच्या टोकाशी बारीक स्फटिक थरथरताना दिसले तर पाच मिनिटं नुसतं बघत बस, प्रकल्प कुठे पळत नाही.) कव्हरस्लिपच्या एका कडेला साखरेच्या दाट पाण्याचा थेंब सोड, दुसऱ्या कडेने टिपकागद लाव. पाणी सरकेल आणि पेशीतला पटलाने वेढलेला हिरवा गोळा टोकांकडून आत आकसू लागेल. भित्तिका मात्र जागच्या जागी. लगेच साधं पाणी सोडलंस तर तो पुन्हा फुगतो. फार वेळ लावलास तर पेशी मरते, मग नाही फुगत. दोन्ही नोंदव.

परीक्षक इथेच अडवतात: भित्तिका आणि गोळा यांच्यामधल्या जागेत काय? पोरं 'पोकळी' म्हणून मोकळी होतात. तिथे साखरेचं पाणीच असतं. भित्तिकेने साखर आत येऊ दिली, पटलाने अडवली. पाणी तेवढं बाहेर जाऊ दिलं. पटल आहे, आणि ते निवड करतं, याचा तुझ्या हातातला पुरावा हाच.

क्लॅमिडोमोनास या दुसऱ्या एकपेशीय हिरव्या शैवालाचा परिच्छेदही तपास. त्याच्या भित्तिकेत तू सेल्युलोज घातलंस. ती ग्लायकोप्रोटीनची, म्हणजे शर्करा जोडलेल्या प्रथिनांची, असते. आणि झाडांच्या पटलात हमखास असणारं फॉस्फॅटिडिलकोलीन हे स्निग्ध क्लॅमिडोमोनास राईनहार्डटाय या जातीत नसतं. त्याची जागा फॉस्फरस नसलेलं बीटेन लिपिड नावाचं दुसरं स्निग्ध घेतं. हे दोन ओळींत पुरे.

आकृती नव्याने काढ. पटलाची रेघ तुटक ठेव आणि शेजारी 'अनुमानित' लिही.

तुझे सर