नडगीचा चुराडा झालाय, तळवा बधिर आहे: पाय वाचवायचा की गुडघ्याखाली कापायचा?

तुमच्या प्रश्नातून कळतं ते असं: भाऊ ३४ वर्षांचा, दुचाकीचा अपघात होऊन पाचवा दिवस. नडगीचं सुमारे ७ सेंटिमीटर हाड गेलंय, पुढची कातडी आणि मांस गेलंय, बाहेरून रॉड लावलाय. पायाला रक्त पोचतंय, पण तळव्याला काही कळत नाही. एक डॉक्टर त्या बधिरपणामुळे कापा म्हणतात, दुसरे रिंग (हाडातून तारा घालून पायाभोवती बसवलेली धातूची गोल चौकट) लावून वाचवू म्हणतात.

आधी बधिरपणाचं बघू. पूर्वी तळव्याची संवेदना गेली की पाय ठेवण्यात अर्थ नाही, असंच मानत. अमेरिकेतल्या ८ ट्रॉमा सेंटरांमधल्या ५६९ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यात सुरुवातीला तळवा बधिर असूनही ज्यांचा पाय ठेवला, त्यांच्यापैकी निम्म्याहून जास्त जणांची संवेदना दोन वर्षांत परत आली. संवेदना नेणारी नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) तुटली नसेल, नुसती दाबली किंवा ताणली गेली असेल तरी सुरुवातीला असंच दिसतं. म्हणून एवढ्या एकाच कारणावरून पाय कापायला मी हो म्हणणार नाही. गुडघ्यामागून तळव्याकडे जाणारी नस तुटलेली प्रत्यक्ष दिसली का, हे जखम धुताना आत पाहिलेल्या सर्जनना विचारा.

त्याच अभ्यासाचे मुख्य निकाल २००२ मध्ये आले. दोन वर्षांनी चालणं-फिरणं आणि रोजचं जगणं पाय वाचवलेल्या आणि कापलेल्या दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं, कामावर परतलेले दोन्हीकडे निम्म्याच्या आसपास. फरक पडला तो पुन्हा भरती होण्यात: पाय वाचवलेल्यांत ४७.६ टक्के, कापलेल्यांत ३३.९ टक्के. घरचा आधार नसलेले आणि धूम्रपान करणारे दोन्ही गटांत मागे पडले. त्यामुळे भाऊ आणि घर पुढचं वर्ष-दीड वर्ष कशाला तयार आहे, यालाही एक्स-रेइतकंच वजन द्या.

आपल्याकडच्या जखमांसाठी कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलची गुणपद्धत चांगली आहे. कातडी, हाड, स्नायू यांना प्रत्येकी १ ते ५ गुण, शिवाय मधुमेहासारख्या प्रत्येक जोखमीचे २. बेरीज १४ किंवा कमी असेल तर पाय वाचवण्याकडे कल, १७ किंवा जास्त असेल तर कापण्याकडे, १५-१६ ला अनुभवी माणसाचा निर्णय. डॉक्टरांना आकडा विचारा, आणि कुठल्या रकान्यात किती दिले तेही.

वाचवायचं ठरलं तर घाई आहे ती हाड झाकण्याची. उघडं हाड सुकतं, जंतू घर करतात. त्यावर फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिनीसकट आणलेलं मांस-कातडी, शक्यतो पहिल्या आठवड्यात बसायला हवा. तुमचा पाचवा दिवस आहे. सध्याच्या ठिकाणी फ्लॅप करणारे प्लॅस्टिक सर्जन नसतील तर आजच हलवा.

मग रिंग. हाड वरच्या बाजूला मुद्दाम कापतात, सात-दहा दिवस थांबतात, मग नट फिरवून तो तुकडा दिवसाला १ मिलिमीटर खाली सरकवतात: पाव-पाव मिलिमीटर, चार वेळा. हे घरीच करायचं असतं. दरवाजामागे तारखांचा तक्ता लावा, फिरवलं की खूण करा. उलटा फिरवलेला नट आठवड्याची मेहनत घालवतो. ७ सेंटिमीटर सरकायला ७० दिवस, पण मागे राहिलेल्या फटीत तयार होणारं नवं हाड पक्कं व्हायला वेळ लागतो. दर सेंटिमीटरमागे दीड महिना धरा, म्हणजे रिंग दहा-अकरा महिने. तारांच्या तोंडाशी पू येणं नेहमीचंच. टाच वर खेचली जाऊन पाऊल खाली लोंबू नये म्हणून पाऊल पहिल्या दिवसापासून काटकोनात बांधून ठेवायचं. सरकवलेला तुकडा खालच्या हाडाला टेकतो तिथे तो बऱ्याचदा आपोआप जुळत नाही. कमरेचं हाड काढून भरावं लागतं. सिगारेट, विडी, तंबाखू बंद म्हणजे बंद. हाड जुळत नाही त्यामागे हे मोठं कारण असतं.

कापायचं ठरलं तर गुडघा राखणं सगळ्यात महत्त्वाचं. गुडघ्याखाली कापलेल्या माणसाला चालायला साधारण पाव पट जादा शक्ती लागते, गुडघ्यावर कापलं तर निम्म्याहून जास्त. गुडघ्याच्या सांध्यापासून १२ ते १५ सेंटिमीटर हाड राखून, मागची पोटरी पुढे दुमडून टोकाला गादी करतात. घरच्यांच्या हातून एक चूक हमखास होते: दुखतं म्हणून गुडघ्याखाली उशी देतात. गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग कृत्रिम पाय नीट बसत नाही. उशी नको, गुडघा सरळ. सगळं नीट भरलं तर सहा-आठ आठवड्यांत पहिला कृत्रिम पाय. स्टंप, म्हणजे उरलेल्या पायाचं टोक, आटत जातो, त्यामुळे पहिल्या वर्षात सॉकेट (कृत्रिम पायाची खोबण, ज्यात स्टंप बसतो) एक-दोनदा बदलावं लागतं. हा खर्च आधीच धरा. जयपूर फूट मोफत मिळतो, अनवाणी आणि चिखलातही चालतो. मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था आणि पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर इथेही चौकशी करा.

रक्तपुरवठा ठीक, वय ३४, गुडघा शाबूत. नस तुटलेली नसेल, गुण १४ किंवा कमी असतील आणि या आठवड्यात फ्लॅप होणार असेल, तर मी वाचवण्याच्या बाजूने आहे. मात्र भाऊ स्वतः समजून-उमजून ‘वर्षभर रिंग नको, मला लवकर उभं राहायचंय’ म्हणाला, तर तो निर्णयही तितकाच शहाणपणाचा. त्याला कुणी ‘हिंमत हरलास’ म्हणू नये. दोन्ही सर्जनना त्याच्यासमोर एकत्र बसवून हे बोला, आणि शक्यतो उद्याच.