कारणाचा रकाना

चि. मुली,

दवाखान्याच्या रजिस्टरावरून केलेला तुझा गर्भपाताच्या कारणांचा तक्ता पाहिला. विवाहित, दोन मुलं, ‘गर्भनिरोधक साधन निकामी’. सगळ्यांचं कारण एकच कसं, म्हणून तू वैतागलीस आणि प्रबंध सोडायला निघालीस. सोड हवा तर, पण आधी ऐक.

रजिस्टरात बाई नसते, कायदा असतो. १९७१च्या गर्भपाताच्या कायद्यात साधन फसल्याची सबब फक्त विवाहितेला होती. ती कुठल्याही स्त्रीला मिळाली २०२१च्या दुरुस्तीत. तोवर आम्ही दुसरं काय लिहिणार? तांबी कधी न बसवलेल्या बाईच्या तोंडीही आम्हीच ते वाक्य घालायचो. लग्न न झालेल्या पोरी स्टँडवरचं मंगळसूत्र घालून यायच्या. आम्ही बघायचो नाही. त्या नोंदवहीत वय, धर्म, पत्ता, आठवडे सगळं आहे. मजुरीला रकाना नाही.

म्हणून ‘का’ विचारू नकोस, ‘कशी आलीस’ विचार. तिकिटाचे पैसे कुणी दिले, आजचा रोज बुडला का, धाकटं कुणापाशी ठेवलं, आधी मेडिकलमधून गोळ्या आणल्या होत्या का. २०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांवर. तुझ्या तक्त्यात त्या बायका नाहीतच. ‘का’ विचारलंस की पाठ केलेलं उत्तर येतं. ‘कशी आलीस’ म्हटलं की बाई बोलायला लागते. किती वेळा सांगू?

मी स्वतः हे उशिरा शिकले. ऊसतोडीच्या फडावरून एक आली होती. नवरा तिकडेच, उचल फिटली नव्हती. मी तिच्याकडे नवऱ्याची सही मागितली. सज्ञान बाईला स्वतःची सही पुरते, कायद्यात पहिल्यापासून आहे. मला माहीत होतं. पण ‘नंतर भांडण नको’ असा वरून तोंडी हुकूम. ती नऊ दिवसांनी सही घेऊन आली, तोवर बारा आठवडे उलटले होते. तेव्हा त्यापुढे दोन डॉक्टरांचं मत लागायचं, आमच्याकडे एकच. जिल्ह्याला पाठवली. पोचली का, कुणी विचारलं नाही. मीही नाही.

माझी नोकरी कंत्राटी होती, घरात दोन पोरं. म्हणजे माझंही कारण आर्थिकच की! २०२२ साली सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांना बजावलं, कायद्याबाहेरच्या अटी घालू नका. वाचून हायसं वाटायला हवं होतं, रागच आला.

असो. सोमवारी ओपीडीत टेबल मांडून बसू नकोस, बाहेर बाकावर बस. त्यांना बोलायचं असेल तरच वही काढ. नवा तक्ता झाला की पाठव. नावं, गावं मात्र लिहूसुद्धा नकोस.

तुझी,
मावशी