फॉन्ट हवा आहे की मजकूर?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या २००८ च्या स्मरणिकेचे लेख वर्ड फाइलमध्ये आहेत. मोबाइलवर उघडले की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. कृतिदेव फॉन्ट मोबाइलमध्ये कसा टाकायचा? दोन दुकानांत विचारलं, जमलं नाही. लेख सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे आहेत.

उत्तर : तुमचं खरं काम शेवटच्या वाक्यात आहे, दुकानात आधी तेच सांगायला हवं. तुमच्या मोबाइलमध्ये फॉन्ट बसला, तरी सभासदांच्या मोबाइलमध्ये तो कुठून येणार?

कृतिदेवमध्ये अक्षर दिसतं मराठी, साठवलं जातं इंग्रजी. ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये ई, जे, के, मोठा बी, एच असा असतो. फॉन्ट नसला की तेच उघडं पडतं.

सभासदांनी लेख फक्त वाचायचे असतील, तर काहीच बदलू नका. ज्या संगणकावर लेख नीट दिसतात तिथेच फाइल उघडा, ‘सेव्ह ॲज’मध्ये पीडीएफ निवडा आणि ती पाठवा. फॉन्ट पीडीएफमध्ये सोबत जातो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर हे केलंत, तर पीडीएफमध्येही इंग्रजी अक्षरंच येतील.

लेखांत दुरुस्त्या करायच्या असतील किंवा मजकूर थेट गटावर चिकटवायचा असेल, तर ‘कृतिदेवमधला मजकूर युनिकोडमध्ये करून द्या’ असं दुकानात सांगा. युनिकोडमध्ये मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं, त्यासाठी खास फॉन्ट लागत नाही. फॉन्टचं नाव आकड्यासकट द्या, उदाहरणार्थ कृतिदेव ०१०. मजकुरावर क्लिक केलं की ते वर्डच्या वरच्या पट्टीत दिसतं. सोबत दहा ओळींची नमुना फाइल आणि त्याच ओळींच्या छापील पानाचा फोटो द्या. फोटो विसरू नका. रूपांतर बरोबर झालं का, हे त्याच्याशी ताडूनच कळतं.

रूपांतरात घोळ होतो तो अक्षरांच्या क्रमामुळे. पहिली वेलांटी कृतिदेवमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं उलट : ‘कर्म’ लिहिताना कृतिदेवमध्ये तो ‘म’नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘र्’ आधी. म्हणून कुणी नुसतं ‘फाइंड-रिप्लेस’, म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरं टाकून देतो म्हणाला, तर नको म्हणा. तपासताना ‘वाऱ्यावर’सारखे शब्द आणि जोडाक्षरं आधी बघा. मजकुरातले इंग्रजी शब्द, ईमेल पत्ते रूपांतरात मोडतात. ते वेगळे उतरवून ठेवा. आणि मूळ फाइल कुणाच्याही हातात देऊ नका, प्रत द्या.