वाचकांचे प्रश्न: टॉवर नसलेल्या विमानतळावर विमानं एकमेकांना चुकवतात कशी?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत पायलटचं ट्रेनिंग घेतोय. परवा फोनवर सहज बोलून गेला की लँडिंगला येताना दुसरं विमान अगदी जवळून गेलं, आणि त्यांच्या विमानतळावर कंट्रोल टॉवरच नाहीये. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. असं कसं चालतं तिकडे? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, काळजी वाटणारच. पण आधी एक सांगते, अमेरिकेत सगळ्यांसाठी खुले असे साधारण पाच हजार विमानतळ आहेत आणि त्यातले टॉवरवाले पाचशेच्या आसपास, म्हणजे टॉवर नसणं हीच तिकडची रोजची गोष्ट आहे. अशा ठिकाणी परवानगी देणारं कुणी नसतं. सगळे पायलट एकाच फ्रिक्वेन्सीवर आपण कुठे आहोत, काय करणार आहोत ते बोलत राहतात, साधारण दहा मैलांवरून सुरुवात करायची, मग रनवेला समांतर उलट दिशेने जाताना (डाउनविंड), त्याच्याकडे आडवं वळताना (बेस) आणि शेवटी रनवेच्या सरळ रेषेत आल्यावर (फायनल), असं प्रत्येक वळणावर सांगायचं. रनवेभोवतीची ही चौकोनी फेरी बहुतेक ठिकाणी डावीकडे वळत आणि जमिनीपासून हजार फुटांवर असते, त्यामुळे दुसऱ्याला कुठे शोधायचं ते ठाऊक असतं. एकच फ्रिक्वेन्सी आजूबाजूच्या चार विमानतळांवर चालते म्हणून वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी विमानतळाचं नाव घ्यायचं. आणि हो, यातल्या बऱ्याच ठिकाणी विमानात रेडिओ असलाच पाहिजे अशी कायद्याने सक्तीही नाही!

खरा धोका कुठे आहे ते क्विन्सीच्या अपघातावरून कळतं. १९ नोव्हेंबर १९९६, इलिनॉय राज्यातलं क्विन्सी. युनायटेड एक्सप्रेसचं बीच १९०० हे छोटं प्रवासी विमान रनवे १३ वर उतरायला येत होतं आणि त्याला छेदणाऱ्या रनवे ०४ वर किंग एअर जातीचं एक विमान टेक-ऑफसाठी उभं होतं, त्याच्या मागे चेरोकी जातीचं आणखी एक छोटं विमान. उतरणाऱ्या विमानातून सरळ विचारलं गेलं की रनवे ०४ वरचे तुम्ही थांबताय की निघताय? किंग एअरकडून काहीच आलं नाही. उत्तर दिलं मागच्या चेरोकीने, आपण थांबलोय म्हणून, आणि ते बोलणं चालू असतानाच १९०० च्या कॉकपिटमध्ये उंची सांगणारा मशीनचा आवाज आला, ‘टू हंड्रेड’. त्यामुळे कॉकपिटमधल्या दोघांना वाटलं किंग एअरच थांबलंय. किंग एअर निघालं, निघताना रेडिओवर काही बोललंही नाही, आणि दोन्ही विमानं रनवेच्या छेदावर धडकली. दोन्ही विमानांतले मिळून १४ जण गेले. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की १९०० मधली माणसं धडकेतून वाचली होती, पण दार अडकलं, बाहेरून धावत आलेल्यांनाही ते उघडता आलं नाही आणि धुराने सगळे गेले.

तेव्हा मुलाला एवढंच सांगा, रेडिओवर उत्तर आलं म्हणजे ज्याला विचारलं त्यानेच दिलं असं धरून चालू नकोस, विमानाचा नंबर ऐक, डोळ्यांनी बघ, आणि जरा जरी शंका आली तरी लँडिंग सोडून परत वर जा. त्यासाठी चांगला इन्स्ट्रक्टर कधीच रागावत नाही, जो रागावतो तो बदलावा.

प्रश्न : आता टॅबलेटवर आजूबाजूची सगळी विमानं दिसतात म्हणे, मग अजून धडका कशा होतात? – पुण्याचा एक वाचक, पायलट व्हायचंय

उत्तर : सगळी दिसत नाहीत. आपली जागा आपोआप सांगणारं एडीएस-बी नावाचं यंत्र अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून सक्तीचं झालं, पण ते ठरावीक हवाई हद्दीतच, छोट्या विमानतळांभोवती बहुतेक ठिकाणी नाही. शिवाय दिसून किंवा ऐकूनही वेळ पुरावी लागते ना. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिलला, तिथेही टॉवर नव्हता, सेसना १५२ हे एक छोटं विमान नेहमीची फेरी मारत फायनलवर आलं होतं आणि मागून दोन इंजिनांचं सेसना ३४० फेरी न मारता लांबूनच सरळ आत येत होतं, तेही १८० नॉटच्या (ताशी सुमारे ३३० किलोमीटर) आसपास वेगाने, म्हणजे लँडिंगला फारच जास्त. दोघं रेडिओवर बोलत होते. १५२ च्या पायलटने सांगितलंसुद्धा की तू फार वेगात माझ्यावर येतोयस, मी वर जातो. तरी धडक झाली आणि तिघं गेले. सरळ आत येणं बेकायदा नाही, पण फेरीत विमानं असतील तर मला ते अजिबात पटत नाही. तू शिकशील तेव्हा सवय फेरीचीच लाव.

प्रश्न : अमेरिकेत शिकताना असं थोडक्यात वाचलो तर कुठे सांगायचं? सांगितलं तर लायसन्सवर येईल का? – टेक्सासमधून एक विद्यार्थिनी

उत्तर : बिनधास्त सांग. नासा १९७६ पासून एएसआरएस नावाची, असे प्रसंग कळवण्यासाठीची योजना चालवते, तिथे ऑनलाइन फॉर्म भरायचा, नाव-गाव काढून टाकतात आणि मग ती माहिती बाकीच्यांना शिकायला मिळते. चूक तुझी असली आणि ती मुद्दाम केलेली नसली तर दहा दिवसांच्या आत फॉर्म भरल्याने एफएएच्या (अमेरिकेचं विमान वाहतूक नियमन खातं) दंडातून सहसा सूट मिळते, पण अपघात किंवा गुन्हा असेल तर नाही. भरल्याची पावती येते ती जपून ठेव. आणि फॉर्म त्याच दिवशी भर, कारण कोण कुठून आलं, रेडिओवर काय ऐकू आलं, हे दोन दिवसांत पुसट व्हायला लागतं.