मेलबर्नमधल्या ग्रीक संघटनेने आमच्या मराठी मंडळाला क्रीटच्या लढाईच्या स्मृतिदिनाला पुष्पचक्र वाहायला बोलावलंय. काय न्यायचं, काय बोलायचं, आणि आपण तिथे उपरे दिसू का? असं तुम्ही विचारलंय.

आधी तारखांचा गुंता सोडवू, कारण पाहुण्यांची भाषणं सगळ्यात जास्त इथेच घसरतात. ग्रीक आणि ऑस्ट्रेलियन लोकांच्या युद्धकाळातल्या नात्याची तीन वेगळी प्रकरणं आहेत आणि तिन्ही एकाच वाक्यात कोंबली की समोरच्या रांगेतले म्हातारे एकमेकांकडे बघतात.

पहिलं लेम्नोस हे ग्रीक बेट, 1915. ग्रीक लोक 'लिम्नोस' म्हणतात. तिथल्या मूद्रोसच्या बंदरातून तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीची मोहीम चालली आणि जखमी तिथेच परत आले. ग्रेस विल्सन यांच्या हाताखालच्या ऑस्ट्रेलियन परिचारिका ऑगस्टमध्ये उतरल्या तेव्हा इस्पितळाचं सामान यायचं होतं, पण जखमींची रीघ लागली होती. इथे एक खाचखळगा आहे: 1915 साली ग्रीस अधिकृतरीत्या तटस्थ होता, युद्धात तो 1917 मध्ये उतरला. म्हणून लेम्नोसबद्दल बोलताना 'मित्रराष्ट्र ग्रीस' म्हणू नका, 'लेम्नोसच्या लोकांनी' म्हणा.

दुसरं ग्रीसच्या मुख्य भूमीवरची लढाई, एप्रिल 1941. सुमारे 17 हजार ऑस्ट्रेलियन सैनिक होते, 320 मारले गेले आणि 2 हजारांहून जास्त कैद झाले. याच मोहिमेत, 12 एप्रिलला, 'अँझॅक कोअर' (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं संयुक्त सैन्यदल) हे नाव गॅलिपोलीनंतर दुसऱ्यांदा अधिकृतपणे वापरात आलं. ऑस्ट्रेलियातही बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं, त्यामुळे भाषणात एक नवी गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा.

तिसरं क्रीट, आणि तुमचं आमंत्रण याचं आहे. 20 मे 1941 च्या सकाळी जर्मन छत्रीधारी सैनिक उतरले. महिनाअखेर बेट पडलं. 274 ऑस्ट्रेलियन मारले गेले, 3102 कैद झाले. कार्यक्रम 20 मेच्या आसपासच्या शनिवार-रविवारी ठेवतात, म्हणून पत्रिकेतली तारीख 20 नसली तर ती चूक समजू नका.

माझं मत स्पष्ट सांगतो: या दिवसाचा गाभा दोन सैन्यांची मैत्री नाही, तो घरांचा आहे. क्रीटमधल्या रेथिम्नो शहराचं उदाहरण घ्या. विमानतळाची धावपट्टी 2/1 आणि 2/11 या दोन ऑस्ट्रेलियन बटालियन आणि ग्रीक तुकड्यांनी राखली, शहर ग्रीक पोलिसी दलाने राखलं. तिथे जर्मनांना धावपट्टी घेता येत नव्हती. पण बेट सोडण्याचा हुकूम तिथले ऑस्ट्रेलियन प्रमुख कर्नल कॅम्पबेल यांच्यापर्यंत पोचलाच नाही. 30 मेला कॅम्पबेल यांनी शरणागती पत्करली. 2/11 मधल्या अनेकांनी मात्र डोंगराची वाट धरली. या माणसांना पुढचे कित्येक महिने कोणी जगवलं? गावच्या बायकांनी, मेंढपाळांनी, पाद्र्यांनी. सैनिक लपवल्याची शिक्षा मृत्यू होती आणि ती बोलण्यापुरती नव्हती. प्रतिकाराचा सूड म्हणून कांदानोस हे गाव 3 जूनला जमीनदोस्त केलं गेलं. दक्षिण किनाऱ्यावरच्या प्रेवेली मठाने सैनिकांना आसरा दिला, जुलै आणि ऑगस्टमध्ये ब्रिटिश पाणबुड्यांनी त्यातल्या बऱ्याच जणांना तिथल्या किनाऱ्यावरून उचललं, आणि मठाधिपती आगाथान्गेलोस लागुवार्दोस यांना शेवटी स्वतःच इजिप्तला जावं लागलं. तेव्हा तुमच्या दीड मिनिटाच्या बोलण्यात 'शूर सैनिक' चार वेळा आणि गावकरी शून्य वेळा आले, तर भाषण फसलं.

'2/11' बद्दल एक सूचना. आधीचा '2' दुसऱ्या महायुद्धाची पलटण दाखवतो, तो गाळू नका. नुसती 11 वी बटालियन पहिल्या महायुद्धातली. गंमत म्हणजे तीही पश्चिम ऑस्ट्रेलियाचीच, आणि गॅलिपोलीला उतरण्याआधी तिचा मुक्काम लेम्नोसलाच होता.

क्रीटमधल्या ठिकाणांचे उच्चारही तयार करून जा. हान्या म्हणायचं, चानिया नाही. इराक्लियो म्हणायचं, हेराक्लिऑन नाही. 'सुदा', 'स्फाक्या', 'प्रेवेली' जसे लिहिले तसेच.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. साधारण क्रम असा असतो, संघटनेगणिक थोडा पुढेमागे: स्मारकाच्या चार कोपऱ्यांत चार पहारेकरी येऊन उभे राहतात, तोंड बाहेर, बंदुकीची नळी खाली, मान झुकलेली. मग स्वागत आणि भाषणं. मग पाद्र्यांची प्रार्थना, तिला त्रिसागियो म्हणतात. ती ग्रीकमध्ये असते, सोबत धूप असतो. तुम्ही नुसतं उभं राहायचं, छातीवर क्रॉसची खूण करायची गरज नाही आणि कोणी अपेक्षाही करत नाही. त्यानंतर पुष्पचक्रं, त्यानंतर 'ओड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मृत सैनिकांच्या स्मरणाच्या चार इंग्रजी ओळी. त्यातली शेवटची ओळ, 'We will remember them', सगळे पुन्हा म्हणतात, हे आधी पाठ करून जा. मग बिगुलावर 'लास्ट पोस्ट' ही निरोपाची धून, एक मिनिट स्तब्धता, आणि ती संपवणारी बिगुलधून 'राऊज'. 'रेव्हेली' ही दुसरी धून पहाटेच्या कार्यक्रमात वाजते, दिवसा नाही. कार्यक्रमपत्रिका मराठीत छापणार असाल तर ही चूक हमखास होते. शेवटी दोन्ही राष्ट्रगीतं. ग्रीक राष्ट्रगीत ज्या कवितेतून घेतलंय तिची 158 कडवी आहेत. घाबरू नका, म्हणतात फक्त पहिली दोन.

लास्ट पोस्ट सुरू झाल्यावर टोपी काढायची, फोन खाली ठेवायचा. सलाम फक्त गणवेशातले करतात, तुम्ही हात सरळ ठेवा. टाळ्या नाहीत, जयघोष नाही, 'अमर रहे' तर अजिबात नाही. कोणाच्या आजोबांची पदकं लावणार असाल तर ती उजव्या छातीवर. डाव्या छातीवर ज्याची त्यानेच. डाव्या बाजूला रोझमेरीची डहाळी चालते.

पुष्पचक्राबद्दल जरा सविस्तर. फुलवाल्याला किमान आठवडा आधी सांगा, 40 ते 45 सेंटिमीटर व्यास पुरे. पानं तमालवर्गातल्या लॉरेलची घ्या. ग्रीक परंपरेत हेच पान आणि ऑस्ट्रेलियन लष्करी परंपरेतही तेच, त्यामुळे दोन्हीकडे शोभतं. झेंडू घातला तर बिघडत नाही, पण हार म्हणून पुतळ्याच्या गळ्यात घालू नका. हळदकुंकू, निरांजन, नारळ घरी ठेवा. चक्र जमिनीवर ठेवायचं की स्टँडवर, हे आयोजकांना आधी विचारा. जमिनीवर ठेवायचं असेल तर मागचा पाया जड घ्यायला सांगा, नाहीतर मेच्या वाऱ्यात ते उपडं होतं आणि तुमचं कार्ड दुसऱ्याच्या चक्रावर जाऊन बसतं. नाव पुकारलं की जास्तीत जास्त दोघांनी जायचं. सगळं मंडळ उठलं की रांग अडते. चक्र ठेवायचं, एक पाऊल मागे, मान झुकवून मनात पाच मोजायचे, परत. फोटोसाठी मागे वळून हसू नका. माणूस लांब उभा करा, तो आपोआप काढेल.

नंतर तुमच्या हातात कोणीतरी कागदी पिशवी देईल. ते कोलिवा, मृतांच्या नावाने वाटायचे उकडलेले गहू. गव्हाची खीर आणि हुग्गी खाणाऱ्यांना चव फारशी परकी वाटणार नाही. ती पिशवी नाकारू नका. घेताना 'एओनिया इ म्निमी' म्हणा, म्हणजे स्मृती चिरंतन राहो. तिथे कोणाच्या घरातलं माणूस गेलं होतं असं कळलं तर 'झोई से सास', तुम्हाला आयुष्य लाभो.

कोलिवा तुम्हीच करून न्यायचा विचार असेल तर आधी विचारा. बहुतेक ठिकाणी चर्चमधल्या बायका करतात आणि तो त्यांचा मान असतो. त्यांनी हो म्हटलं, तर 50 पिशव्यांना 1 किलो कोरडे गहू लागतात. धुऊन तास-दीड तास उकडा, दाणा फुटायला लागला की बंद. चाळणीत निथळवून सुती पंच्यावर पातळ पसरून रात्रभर वाळवा. सगळा घोटाळा या पायरीवर होतो: ओलावा राहिला की वरची पिठीसाखर सकाळपर्यंत पाघळते आणि गहू उबेत आंबतात. प्रेशर कुकरमध्ये शिजवलेत तर लगदा होतो. सकाळी त्यात भाजलेले तीळ, अक्रोड, बेदाणे, डाळिंबाचे दाणे, दालचिनी मिसळा. ताटात दाबून बसवा, वर भाजलेल्या रव्याचा किंवा टोस्टच्या चुऱ्याचा बोटाच्या पेराएवढा थर द्या, तो ओल शोषतो. मगच पिठीसाखर, आणि ती बटर पेपरने दाबून गुळगुळीत करायची. वरचा बदामांचा क्रॉस त्यांच्याचपैकी कोणाला काढू द्या. पिशवीवर सुक्यामेव्याची सूचना लिहा, ॲलर्जीची माणसं असतात.

उपरे दिसण्याची भीती सोडा. गॅलिपोलीत भारतीय खेचरपथकं आणि डोंगरी तोफखाना अँझॅक सैनिकांबरोबरच होते. 1944 च्या अखेरीस भारतीय चौथी डिव्हिजन ग्रीसमध्ये आली. अथेन्सजवळच्या फालेरोच्या युद्धस्मशानभूमीत, दहनसंस्कार झालेल्या भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. पण हे भाषणात एका वाक्यात संपवा, दिवस त्यांचा आहे. आणि क्रीटच्या लढाईत मराठे होते वगैरे ऐकीव गोष्ट कोणी पुढे केली तर ती गाळा.

कार्डावर मंडळाचं नाव इंग्रजीत आणि खाली देवनागरीत लिहा, 'श्रद्धांजली' पुरे. पेन पाण्याने न पसरणारं घ्या आणि कार्ड प्लास्टिकमध्ये घाला. मेमध्ये मेलबर्नचा पाऊस पत्रिका बघून येत नाही.